विद्येच्या ऋणाची उघडी वही
(नभोवाणीवरील भाषण)

शास्त्रीय निबंध वाचणाऱ्या बहुतेकांचें लक्ष निबंधाच्या अखेरीस बारीक अक्षरांत छापलेल्या यादीकडे जात नाहीं. पूर्वीच्या कोणत्या संशोधकांच्या कोणत्या लेखांचा आधार आपण घेतला, हें लेखकानें त्या यादींत नमूद केलेलें असतें. निबंधाचा मुख्य भाग ही लेखकाची स्वतःची कमाई, तर ही यादी म्हणजे त्यानें काढलेल्या कर्जाची कबुली, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. ही वृत्ति भारतीय विद्येला परकी नाहीं. मनुष्य तीन ऋणें घेऊन जन्मास येतो आणि त्यांपैकीं ऋषिऋण त्यानें अध्ययन करून फेडावयाचें असतें, ही कल्पना फार प्राचीन आहे. आणि निराधार असें कांहीं लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभींच करून ठेवली आहे.

आधुनिक शास्त्रांत अशा प्रत्येक नोंदीस ‘संदर्भ’ असें म्हणतात. जगांत दरवर्षीं लाखों निबंध प्रसिद्ध होतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मागें अशी एक यादी असते. या सर्व याद्या एकत्र जोडल्या, तर कोणत्या विचाराचा उगम कोठें झाला, तो कोणाकोणाच्या हातून पुढें गेला आणि कोठें येऊन थांबला, हें दाखविणारी एक अवाढव्य वही तयार होते. ही वही कोणाच्या ताब्यांत असावी आणि तिला कुलूप असावें कीं नसावें, या प्रश्नावरून गेल्या पंधरा वर्षांत विद्वानांच्या जगांत मोठी चळवळ झाली. प्रथमदर्शनीं हा ग्रंथपालांचा घरगुती प्रश्न वाटेल. परंतु त्याचा संबंध विद्यापीठांतील नेमणुकांपासून रोग्याच्या उशाशीं ठेवलेल्या औषधापर्यंत पोंचतो.

निबंधाची यादी मागें पाहूं शकते, पुढें पाहूं शकत नाहीं. पन्नास वर्षांपूर्वींचा एखादा निबंध हातीं आला, तर त्याचे पूर्वज कोण हें त्याच्या यादीवरून समजतें. त्याचे वंशज मात्र समजत नाहींत. त्यांतील सिद्धांत पुढें कोणी उचलला काय, कोणी खोडून काढला काय, हें कळण्यास नंतरचे सर्व निबंध धुंडाळून उलटी यादी करावी लागते. ही अडचण प्रथम वकिलांना भासली. इंग्रजी पद्धतीच्या न्यायांत जुना निकाल दाखला म्हणून पुढें करतां येतो. पण तो निकाल नंतर वरच्या कोर्टानें फिरविला असेल, तर दाखला देणाऱ्याची फजिती होते. अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत फ्रँक शेपर्ड नांवाच्या गृहस्थानें १८७३ सालीं यावर तोड काढली. कोणत्या निकालाचा उल्लेख पुढें कोठें झाला, याच्या गोंद लावलेल्या चिठ्ठ्या छापून तो विकूं लागला आणि वकील त्या आपल्या ग्रंथांच्या समासांत चिकटवूं लागले. पुढें या चिठ्ठ्यांचे मोठाले ग्रंथ झाले. आणि दाखला तपासण्याच्या कामाला अमेरिकन वकिलांच्या बोलींत शेपर्डच्याच नांवाचें क्रियापद रूढ झालें.

शेपर्डची ही युक्ति शास्त्रांत आणण्याचें श्रेय यूजीन गारफील्ड यांना आहे. शेपर्डच्या कंपनींतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेर नांवाच्या अधिकाऱ्यानें १९५३ सालीं त्यांना पत्र लिहून त्या सूचींची ओळख करून दिली. १९५५ सालीं ‘सायन्स’ या साप्ताहिकांत गारफील्ड यांनीं शास्त्रासाठीं अशी सूचि करण्याची योजना मांडली. चुकीची, अपुरी वा कालबाह्य ठरलेली माहिती डोळे मिटून पुनःपुन्हां उद्धृत केली जाते, तिला आळा बसावा, हा त्यांचा एक स्पष्ट हेतु होता. १९६० सालीं त्यांनीं फिलाडेल्फिया येथें आपल्या संस्थेला नवें नांव व रूप दिलें आणि १९६४ पासून त्यांची शास्त्रीय संदर्भसूचि नियमित विकली जाऊं लागली. तिच्या पहिल्या अंकांत ६१३ नियतकालिकांतील सुमारें १४ लाख संदर्भ होते. त्या काळच्या यंत्रांकडे पाहतां हें काम खरोखर थक्क करणारें होतें.

वाट दाखविण्यासाठीं केलेली ही सूचि हळूहळू तराजू बनली. १९७५ पासून गारफील्ड यांची संस्था नियतकालिकांचा वार्षिक अहवाल काढूं लागली आणि त्यांत प्रत्येक नियतकालिकाच्या प्रभावाचा एक अंक छापला जाऊं लागला. त्याचें गणित सोपें आहे. एखाद्या नियतकालिकानें दोन वर्षांत शंभर निबंध छापले आणि तिसऱ्या वर्षीं त्या निबंधांचा उल्लेख इतरत्र तीनशें वेळां झाला, तर त्याचा प्रभावांक तीन. ग्रंथालयांनीं कोणतीं नियतकालिकें घ्यावीं हें ठरविण्यास असा अंक उपयोगी होता. पुढें मात्र त्याच अंकावरून माणसांची पारख होऊं लागली. कोणाला प्राध्यापकाची जागा द्यावी, कोणाला अनुदान द्यावें, कोणतें विद्यापीठ कितव्या क्रमांकाचें, हे निवाडे संदर्भांच्या मोजणीवर होऊं लागले. व्यक्तीच्या योग्यतेसाठीं हा अंक बेतानें वापरावा, असें स्वतः गारफील्ड सांगत राहिले. परंतु ज्याला अनेक उमेदवारांतून एक निवडावयाचा असतो, त्याला तयार आंकड्याचा मोह आवरत नाहीं.

संदर्भांचा मागोवा घेतां न आल्यास केवढा अनर्थ घडतो, हें एका लहानशा पत्राच्या इतिहासावरून दिसून येईल. १० जानेवारी १९८० रोजीं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या बोस्टनच्या वैद्यकीय साप्ताहिकांत जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचें अवघ्या पांच वाक्यांचें पत्र छापलें गेलें. इस्पितळांत अफूवर्गीय वेदनाशामक औषध मिळालेल्या ११,८८२ रोग्यांच्या नोंदी तपासतां नव्यानें व्यसन जडल्याचीं पक्कीं उदाहरणें केवळ चार आढळलीं, एवढेंच त्यांत होतें. हे रोगी इस्पितळांत वैद्यांच्या देखरेखीखालीं होते. घरीं बसून महिनोन्महिने तीं औषधें घेणाऱ्यांविषयीं त्या पत्रांत अवाक्षर नव्हतें. तरीहि पुढील पिढीच्या लेखकांनीं अफूवर्गीय औषधांनीं व्यसन क्वचितच लागतें याचा पुरावा म्हणून तेंच पत्र पुढें केलें. १९९५ च्या सुमारास दीर्घकाळ परिणाम करणारें त्या वर्गांतील एक नवें औषध अमेरिकेंत निघाल्यावर तर अशा उल्लेखांची संख्या एकदम वाढली.

२०१७ सालीं कॅनडांतील संशोधकांनीं या पत्राच्या वंशजांची मोजदाद केली. पत्राचा उल्लेख करणारे ६०८ लेख सांपडले. त्यांपैकीं ४३९ लेखांनीं तें व्यसनाचें भय नसल्याचा पुरावा म्हणून वापरलें होतें. आणि मूळ रोगी इस्पितळांतील होते, ही गोष्ट ४९१ लेखांनीं सांगितलीच नव्हती. अमेरिकेंत १९९९ ते २०२१ या काळांत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिसेवनानें सहा लाखांहून अधिक माणसें मेलीं. या सर्व अनर्थाचें खापर एका पत्रावर फोडणें अन्यायाचें होईल; त्याला औषधांचा व्यापार, वैद्यकाची शिथिलता आणि चोरटा बाजार हीं अनेक कारणें आहेत. परंतु एकानें दुसऱ्याचें पाहून आणि दुसऱ्यानें तिसऱ्याचें पाहून तोच आधार दिला, मूळ पत्र उघडून पाहण्याची तसदी थोड्यांनींच घेतली, आणि हें ध्यानांत येण्यास सदतीस वर्षें लागलीं, ही वस्तुस्थिति आहे. शिवाय ही मोजदाद करण्यास त्या संशोधकांना वर्गणी भरून मिळणाऱ्या सूचीचा आधार घ्यावा लागला. जेथील ग्रंथालयाला ती वर्गणी परवडत नव्हती, तेथील अभ्यासकाला हा शोध लावावयाचा असता, तर त्याची वाट आरंभींच अडली असती.

कारण तोंवर ती वही खाजगी मालमत्ता होऊन बसली होती. गारफील्ड यांची संस्था १९९२ सालीं थॉमसन कंपनीकडे गेली. २०१६ पासून तिची सूचि क्लॅरिव्हेट या कंपनीच्या मालकीची आहे. तिच्याशीं स्पर्धा करणारी ‘स्कोपस’ ही सूचि एल्सेव्हियर कंपनीनें २००४ सालीं काढली, आणि एल्सेव्हियर तर स्वतः जगांतील मोठ्या शास्त्रीय प्रकाशकांपैकीं एक. त्याच वर्षीं निघालेलें ‘गूगल स्कॉलर’ कोणालाहि फुकट पाहतां येतें; परंतु त्याची सगळी माहिती एकत्र घेऊन तपासण्याची मुभा नाहीं. वर्गणी भरणाऱ्यालाहि मूळ माहिती प्रसिद्ध करण्याचें स्वातंत्र्य नव्हतें. म्हणजे एखाद्या विद्यापीठाला खालचा क्रमांक मिळाला, तर निकाल छापून येई. पण तो कोणत्या नोंदींवरून लावला, हें बाहेरच्या माणसाला पडताळून पाहतां येत नसे. वादीला पुरावा दाखवावयाचा नाहीं आणि निकाल मात्र त्यानें मान्य करावयाचा, असा हा प्रकार होता. त्यांतहि मौज अशी कीं, वहींतील प्रत्येक नोंद मुळांत संशोधकांनींच लिहिलेली होती आणि तिच्याबद्दल त्यांना कोणीं एक पैहि दिलेली नव्हती.

अमुक निबंधानें अमुक निबंधाचा आधार घेतला, ही घडलेली गोष्ट आहे, आणि नुसत्या वस्तुस्थितीवर कोणाचा ग्रंथस्वामित्वाचा हक्क चालत नाहीं. टेलिफोनच्या यादींतील नांवें व क्रमांक ही कोणाची साहित्यकृति नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं दिला होता. हाच न्याय संदर्भांना लागू करून ऑक्सफर्डचे डेव्हिड शॉटन यांनीं २०१० सालीं ‘ओपनसायटेशन्स’ हा उपक्रम सुरू केला. पुढें बोलोन्या विद्यापीठाचे सिल्व्हिओ पेरोनी त्यांना येऊन मिळाले. सर्व संदर्भ एके ठिकाणीं, कोणालाहि घेतां येतील, वापरतां येतील आणि पुन्हां छापतां येतील अशा रीतीनें मांडावेत, हा त्यांचा संकल्प होता.

संकल्प थोर असला तरी लाखों निबंधांच्या याद्या हातानें उतरून काढणें अशक्य होतें. सुदैवानें त्या एका जागीं आयत्याच जमल्या होत्या. शास्त्रीय प्रकाशकांनीं २००० सालीं ‘क्रॉसरेफ’ नांवाची नफा न घेणारी संस्था स्थापन केली होती. प्रत्येक निबंधाला ती एक कायमचा क्रमांक देते, त्याला डीओआय म्हणतात. निबंध नोंदवितांना अनेक प्रकाशक त्याची संदर्भयादीहि तेथें जमा करीत. परंतु प्रकाशकानें मुद्दाम सांगितल्याखेरीज ती लोकांना खुली होत नसे. पेटी भरलेली होती, किल्लीहि जवळच होती, आणि कुलूप काढण्यास प्रकाशकाचें एक पत्र पुरेसें होतें. तरीहि २०१६ सालीं क्रॉसरेफकडे जमलेल्या याद्यांपैकीं शेंकडा एकच यादी खुली होती.

६ एप्रिल २०१७ रोजीं विकिमीडिया प्रतिष्ठान, ओपनसायटेशन्स, ‘प्लॉस’, ‘ईलाइफ’ इत्यादि सहा संस्थांनीं मिळून मुक्त संदर्भांची चळवळ जाहीर केली. तत्पूर्वींच त्यांनीं प्रकाशकांना पत्रें लिहून विनंति केली होती, आणि एकोणतीस प्रकाशकांनीं ती मान्य केली होती. त्यांत स्प्रिंगर नेचर, वायली, टेलर अँड फ्रान्सिस व सेज हे मोठे प्रकाशक असल्यामुळें शेंकडा एकाचे एकदम शेंकडा चाळीस झाले. गारफील्ड यांचें निधन त्याच वर्षीं २६ फेब्रुवारीस झालें होतें. ज्या वहीचा त्यांनीं पाया घातला, ती जगाला खुली होण्यास त्यांच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांच्या आंतच आरंभ झाला.

सर्वांत मोठा अडसर एल्सेव्हियरचा राहिला. ज्याची स्वतःची सूचि विकली जाते, त्यानें तिचा कच्चा माल फुकट वाटावा, अशी अपेक्षा करणें व्यापारी दृष्टीनें अवघडच होतें. परंतु संदर्भांचाच अभ्यास करणारे जे पंडित आहेत, त्यांची या नकारानें विशेष कुचंबणा झाली. त्यांचें एक प्रमुख नियतकालिक ‘जर्नल ऑफ इन्फॉर्मेट्रिक्स’ हें एल्सेव्हियरच्याच मालकीचें होतें. संदर्भ खुले करावेत, नियतकालिकाची मालकी विद्वत्संस्थेकडे यावी आणि निबंध सर्वांना वाचतां यावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्या मान्य होईनात, तेव्हां जानेवारी २०१९ मध्यें त्याच्या संपूर्ण संपादक मंडळानें एकत्र राजीनामा दिला. लायडन विद्यापीठाचे लूडो वॉल्टमन त्या वेळीं प्रमुख संपादक होते. त्याच मंडळानें एम.आय.टी. प्रेसच्या साह्यानें ‘क्वांटिटेटिव्ह सायन्स स्टडीज’ हें नवें, सर्वांना खुलें नियतकालिक काढलें. जमलेलें नांव आणि मिळालेली प्रतिष्ठा सोडून कोऱ्या पाटीवर पुन्हां श्रीगणेशा करणें ही विद्वानाच्या दृष्टीनें सोपी गोष्ट नव्हे. अखेर डिसेंबर २०२० मध्यें एल्सेव्हियरनें आपले संदर्भ खुले करण्याचें जाहीर केलें; आणि जून २०२२ पासून क्रॉसरेफनें कुलुपाची सोयच काढून टाकली. तेव्हांपासून तेथें जमा होणारी प्रत्येक संदर्भयादी खुली असते.

ओपनसायटेशन्सच्या वहींत फेब्रुवारी २०२१ मध्यें एक अब्ज संदर्भ झाले होते. २०२४ सालीं ती संख्या दोन अब्जांवर गेली. तिचीं फळेंहि दिसूं लागलीं आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विद्वत्साहित्याची फुकट सूचि कंपनीच्या निर्णयानें २०२१ अखेर बंद पडली, तेव्हां तींतील माहिती खुली असल्यामुळें ‘ओपनॲलेक्स’ ही नवी सूचि जानेवारी २०२२ मध्यें तिच्या जागीं उभी राहूं शकली. विद्यापीठांचे क्रमांक लावणाऱ्या लायडनच्या केंद्रानें जानेवारी २०२४ मध्यें केवळ खुल्या माहितीवर आधारलेली यादी काढली; ज्या विद्यापीठाला आपला क्रमांक चुकीचा वाटेल, त्याला आतां प्रत्येक नोंद तपासतां येते. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठानें क्लॅरिव्हेटच्या सूचीची वर्गणी २०२४ पासून बंद केली. १६ एप्रिल २०२४ रोजीं बार्सिलोना येथील जाहीरनाम्यांत अनेक देशांच्या संस्थांनीं संशोधनाविषयींची माहिती खुली ठेवण्याची प्रतिज्ञा केली. सामान्य माणसाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मागें घेतलेल्या, म्हणजे सदोष वा खोटे ठरलेल्या निबंधांची ‘रिट्रॅक्शन वॉच’ ही मोठी यादी क्रॉसरेफनें सप्टेंबर २०२३ मध्यें विकत घेऊन सर्वांना खुली केली. ती यादी आणि ही वही शेजारीं ठेवली, म्हणजे बाद झालेल्या निबंधाच्या आधारावर अजूनहि कोण इमले बांधीत आहे, हें कोणत्याहि गांवच्या अभ्यासकाला शोधतां येतें. १९८० च्या पत्राची जी तपासणी व्हावयास सदतीस वर्षें लागलीं, तशी तपासणी दर महिन्यास करणें आतां आंवाक्यांतील गोष्ट झाली आहे.

तथापि वही उघडली म्हणजे सर्व दोष नाहींसे झाले, असें समजणें चुकीचें होईल. ज्या ग्रंथाला किंवा त्रैमासिकाला डीओआय क्रमांक नाहीं, त्याचें ऋण या वहींत सहसा चढत नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या खंडांवर मराठींत केवढें इतिहासलेखन उभें आहे, याचा अंदाज या वहीवरून लागणार नाहीं. खाजगी सूचींचा ओढा तर आरंभापासून इंग्रजी नियतकालिकांकडे राहिला. इतर भाषांत लिहिणारा संशोधक त्यांच्या हिशेबीं जवळजवळ नसल्यासारखाच होता. फरक इतकाच कीं, मालकीच्या वहींत कोणाला घ्यावें हें मालक ठरवितो, तर उघड्या वहींत उणी नोंद दाखवून देतां येते आणि भरतांहि येते. ब्राझीलमध्यें १९९८ सालीं सुरू झालेल्या ‘सायलो’ या उपक्रमानें पोर्तुगीज व स्पॅनिश भाषांतील नियतकालिकें अशाच रीतीनें उजेडांत आणलीं. मराठी नियतकालिकांच्या चालकांना आणि विद्यापीठांना तो कित्ता गिरविण्यास आतां तत्त्वतः कोणाची आडकाठी राहिलेली नाहीं.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि तो उघडेपणानें जाणारा नाहीं. केवळ मोजणीच्या तराजूंत घातलें, तर १९८० चें तें पांच वाक्यांचें पत्र अत्यंत यशस्वी ठरेल. सहाशेंहून अधिक संदर्भ मिळविणारे निबंध विरळा. पण ते संदर्भ कोणी व कशासाठीं दिले, हें वाचल्याबरोबर तें यश नसून सामुदायिक बेसावधपणाची नोंद आहे, हें कळून येतें. नियतकालिकाच्या अंकावरून माणसाची किंमत करूं नये, असें सान फ्रान्सिस्कोच्या २०१३ सालच्या जाहीरनाम्यानें बजावलें, तें याच कारणासाठीं. खुल्या संदर्भांचा लाभ नवे आणि अधिक चटपटीत अंक काढण्यांतच खर्च झाला, तर जुन्याच तराजूला नवी साखळी लावल्यासारखें होईल.

ऋणाची नोंद ठेवण्याचा उद्देश धनको किती मोठा हें मिरविण्याचा नसतो. हिशेब खरा आहे कीं नाहीं, हें कोणालाहि पाहतां यावें, हा असतो. शास्त्राचा अधिकार समाज मान्य करतो, तो त्याचीं विधानें तपासून पाहतां येतात या भरंवशावर. त्या तपासणीची वही दीर्घकाळ कुलुपांत होती. ती आतां बऱ्याच अंशीं उघडली आहे. ती उघडून पाहणें, आणि एखादा आधार देण्यापूर्वीं तो मुळापर्यंत जाऊन वाचणें, हें काम मात्र कोणतीहि सूचि कोणाच्या वतीनें करूं शकत नाहीं.